कलम अकरा आणि अर्धा दात

तळ्याकाठी फोटो काढायला परवानगी लागते, हे आमच्या अख्ख्या शहरात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो माणूस मी होतो.

नगर कचेरीच्या उद्यान आणि मोकळ्या जागा विभागात मी टेबल क्रमांक चार सांभाळतो. कुणाला बागेत खुर्च्या मांडायच्या असोत, मैदानावर तंबू ठोकायचा असो की झाडाखाली पुस्तकं विकायची असोत, त्याला ‘तात्पुरत्या वापराचा अर्ज’ भरावा लागतो. हा अर्ज सात वर्षांपूर्वी मी स्वतः तयार केला. चार पानं, एकोणीस कलमं. लोकांना मुलंबाळं असतात, मला तो अर्ज होता. त्यातल्या दुसऱ्या कलमात ‘वापर’ म्हणजे काय ते सांगितलं आहे आणि त्यात छायाचित्रणही येतं. सात वर्षांत छायाचित्रणासाठी एकही अर्ज आला नाही. त्यावरून मी असा निष्कर्ष काढला होता की आमच्या शहरातल्या लोकांना फोटोची हौस नाही.

अशात माझं लग्न ठरलं. म्हणजे जवळजवळ ठरलं. दोन्ही घरं राजी होती, माझी आई तर इतकी राजी होती की जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली होती. फक्त मुलीची एक अट होती. सातव्या भेटीत, कॉफीचा कप पुढे सरकवत ती म्हणाली, “अंगठ्या घालण्याआधी आपण जोडीनं फोटो काढून घेऊ. आमच्या ताईच्या तसल्या फोटोत भावजी असे उभे आहेत, जसं काही कुणी त्यांना धरून आणलंय. नऊ वर्षं तो फोटो कपाटावर पालथा पडलाय. मला भिंतीवर लावता येईल असा फोटो हवा. तसा आला तर अंगठी.”

हे ती हसत हसत म्हणाली. पण मी अटी वाचून पोट भरणारा माणूस आहे. अट हसण्याच्या आड उभी असली तरी मला तिचे पाय दिसतात.

आणि मला हसता येत नाही. म्हणजे येतं, पण दाखवता येत नाही. चार वर्षांपूर्वी एका जाडजूड फायलीची गंजलेली पिन हातानं निघेना, म्हणून मी ती दातानं ओढली. पिन जागची हलली नाही, दात मात्र तुटला. वरचा, समोरचा, तिरका अर्धा. कर्तव्य बजावताना जखमी झालेल्यांची यादी आमच्या कचेरीत ठेवत नाहीत, नाहीतर माझं नाव वर असतं. तेव्हापासून मी ओठ मिटून हसतो, आणि अगदीच आवरेनासं झालं तर खोकतो.

बरं, दुसरी कुणी असती तर मी एखाद्या भेटीत धीर करून सांगूनही टाकलं असतं. पण ही दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. दिवसभर मेण, प्लास्टर आणि लोकांचे जबडे. पहिल्याच भेटीत कॉफी आणून देणारा माणूस नुसता “साखर?” म्हणाला, तर तो गेल्यावर ही म्हणाली, “वरचे तीन बसवलेले आहेत. काम चांगलं आहे, रंग जरा चुकलाय.” त्या क्षणी मी जे तोंड मिटलं ते मिटलं. दात दुरुस्त करून घ्यावा, तर शहरातल्या सगळ्या दवाखान्यांची कामं हिच्याच प्रयोगशाळेत जातात. माझ्या जबड्याचा साचा माझ्या नावाची चिठ्ठी लावून हिच्याच टेबलावर पोचला असता. आपण एखादीशी लग्न करायला निघावं आणि तिला आपल्यात दुरुस्तीचं काम दिसावं, हे मला सोसणारं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे फोटोग्राफर घरी आला. हा गृहस्थ बोलतानासुद्धा एक डोळा बारीक करून बोलतो. त्यानं टेबलावर एक जाड अल्बम उघडला. पानापानावर जोडपी होती आणि सगळीच्या सगळी आमच्या तळ्याच्या लाकडी धक्क्यावर उभी होती. कुणी बसलं होतं, कुणी पाण्यात पाय सोडले होते, एका गृहस्थानं तर होणाऱ्या बायकोला उचललं होतं.

मी मोजली. एकेचाळीस जोडपी. कलम दोनचा एकेचाळीस वेळा भंग.

“यांच्या परवानग्या?” मी विचारलं.

“काढतात घरच्यांची समजूत,” फोटोग्राफर म्हणाला. “सर, तुम्ही त्याची काळजी करू नका. तुम्ही फक्त नैसर्गिक दिसा. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता. आणि एक लक्षात घ्या, नैसर्गिक दिसायला तयारी लागते.”

त्यानं तयारीची यादी दिली. कपड्यांचे तीन जोड. धक्क्यावरून हात धरून चालणे, चार फेऱ्या. आणि शेवटी, ‘एकमेकांकडे बघून सहज हसणे, चाळीस मिनिटे.’ चाळीस मिनिटं म्हणजे माझा तीन-चार वर्षांचा साठा होता.

“दात दिसले पाहिजेत, सर,” तो जाता जाता म्हणाला. “ओठ मिटून हसलं की पोटात दुखतंय असं येतं.”

तो गेल्यावर आईनं दार लावलं नाही, कारण तिला ही यादी जिन्यात वाचून दाखवायची होती. दहा मिनिटांत आमची बाहेरची खोली भरली. समोरच्या काकू आल्या, वरच्या मजल्यावरचे काका आले. या काकांनी एका मोठ्या कापड दुकानात एकतीस वर्षं काचेमागचे पुतळे सजवले. कुठल्या पुतळ्याचा कुठला हात कुठे वळवायचा हा त्यांचा हातखंडा विषय, आणि निवृत्तीनंतर वळवायला कुणीच न मिळाल्यामुळे ते जरा खंगले होते. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढला.

“उभा राहा,” काका म्हणाले. “वजन डाव्या पायावर. उजवा गुडघा सैल. हनुवटी वर, नजर लांब. तुला लांबवर काय दिसतंय?”

“आमचं कपाट.”

“क्षितिज बघ. कोपर जरा बाहेर. बोटं अशी, जशी काही हातात छत्री आहे आणि नाहीही.”

“अहो, हसू दे की त्याला जरा,” आई म्हणाली.

“हसण्याचं मागाहून. माझा एकही पुतळा कधी हसला नाही, तरी कपडे खपायचे थांबले नाहीत.”

समोरच्या काकूंचं म्हणणं वेगळं होतं. हसू बाहेरून येत नाही, आतून यावं लागतं, तेव्हा मी डोळे मिटून काहीतरी गमतीचं आठवावं. मी डोळे मिटले. मला कलम सात आठवलं. ते गमतीचं नाही, पण डोळे मिटले की मला बहुधा तेच आठवतं. इतक्यात काकांनी माझी मान क्षितिजाकडे आणखी थोडी वळवली आणि आतून काहीतरी कट्कन वाजलं.

त्यानंतर चार दिवस माझी मान उजव्या खांद्याकडे कललेली होती. कचेरीत हे कुणी विचारलंही नाही. आमच्याकडे मान थोडी कलती ठेवूनच बहुतेक कामं होतात.

आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, की बाबा रे, एकेचाळीस जोडपी गेली तसा तूही जा. फोटोग्राफरही तेच म्हणाला, आईही म्हणाली. पण ज्या कागदावर माझी सही आहे तो मीच पायदळी तुडवला, तर सोमवारी टेबलावर बसून दुसऱ्याचा अर्ज कुठल्या तोंडानं परत करायचा? शिवाय मनातलं सांगायचं तर थोडी भीतीही होती. सात वर्षांत मी एकही गोष्ट विचारल्याशिवाय केलेली नव्हती. सवय नसताना एकदम धक्क्यावरून सुरुवात करणं मला झेपलं नसतं.

म्हणून मी अर्ज भरला आणि साहेबांकडे घेऊन गेलो.

“तुमचा अर्ज तुमच्याच टेबलाला?” साहेब म्हणाले. “बरं दिसत नाही.”

“चालतही नाही साहेब. कलम सोळा.”

“हे कुणी लिहिलं?”

“मीच.”

साहेबांनी अर्ज मिटून परत दिला. मग म्हणाले, “टेबल तीनला द्या.”

टेबल तीनवर त्रुटीबाई बसतात. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण त्यांच्या हातून कागद परत येतो तो ‘त्रुटी’ असा शेरा घेऊनच, त्यामुळे सगळी कचेरी त्यांना मागून असंच म्हणते. दोन वर्षांपूर्वी बाईंनी आपल्या वाचनमंडळाच्या सभेसाठी बागेत बारा खुर्च्या मांडायची परवानगी मागितली होती. तो अर्ज मी चार वेळा परत केला. मंजुरी मिळाली तेव्हा सभा होऊन गेली होती. लोकांनी ती उभ्यानं घेतली, असं नंतर कळलं. बाई त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बाईंनी साखळीचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझा अर्ज अशा हळुवारपणे उघडला, की वाढदिवसाला आलेली भेटसुद्धा कुणी इतक्या प्रेमानं उघडत नाही.

“कलम नऊ,” त्या म्हणाल्या. “वापरकर्त्यांचे परस्परांशी नाते व त्याचा पुरावा. कोरं आहे.”

“लग्न ठरलंय, बाई. जवळजवळ.”

“जवळजवळ हे नातं नाही. आणि हा रकाना दुसऱ्या अर्जदारानं समक्ष येऊन भरायचा आहे. तसं खाली छापलंय.” त्यांनी पान उलटलं. “कलम अकरा. प्रस्तावित वापर सदर जागेवर प्रत्यक्ष सुरू असतानाचे छायाचित्र जोडावे. ते कुठे आहे?”

हे कलम मी घातलं ते एका गृहस्थामुळे. त्यानं ‘एक लहान टेबल’ म्हणून परवानगी घेतली आणि मैदानात फिरता पाळणा उभा केला. पुन्हा असं होऊ नये म्हणून आधी करून दाखवा आणि मग परवानगी मागा, असा तो बंदोबस्त होता. कागदावर तो मला फार चोख वाटला होता.

“म्हणजे बाई,” मी म्हणालो, “फोटो काढायची परवानगी मिळवायला, आधी तिथे फोटो काढतानाचा फोटो जोडायचा?”

“मी काय सांगणार? लिहिणाऱ्यानं काही विचार केला असेल.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्यातही दात अर्धा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती कचेरीत आली. हातांवर प्लास्टरची पांढरी पूड तशीच होती. त्रुटीबाईंच्या खिडकीशी उभी राहून तिनं चारही पानं वाचली. आजवर हा अर्ज सगळा वाचणारी ती पहिलीच व्यक्ती, आणि मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. सगळीकडे तिनं सही केली. नवव्या कलमापाशी तिचं पेन थांबलं. तिनं टोपण लावलं, अर्ज तसाच आत सरकवला आणि मला म्हणाली, “जरा बाहेर येता का?”

बाहेर पाण्याच्या पिंपापाशी आम्ही उभे राहिलो.

“तो रकाना मी आत्ता भरत नाही,” ती म्हणाली. “सात वेळा भेटलो आपण. मी इतकं बोलते, विनोद करते, तुम्ही एकदाही हसला नाहीत. नुसते खोकता. आधी वाटलं, तुमची प्रकृती नाजूक असेल. मग वाटलं, मीच आवडत नसेन, आईच्या शब्दाखातर येत असाल. तसं असेल तर आत्ता सांगा. फोटोत उभं राहून मग कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.”

मला सांगायचं होतं, की तुमचे विनोद मला घरी गेल्यावर आठवतात आणि मी न्हाणीघराचं दार लावून हसतो. सांगायचं होतं, की तुम्ही आवडता, इतक्या आवडता की तुमच्यासमोर तोंड उघडायची भीती वाटते. पण हे सगळं सांगायला तोंड उघडावं लागलं असतं. मी म्हणालो, “तसं काही नाही.” आणि खोकलो.

तिनं माझ्या कललेल्या मानेकडे बघितलं.

“बरं,” ती म्हणाली. “तुमच्या कलम अकराचा फोटो कधी काढायचा?”

“उद्या, याच वेळेला?”

“उद्या काढू. मग बघू.”

त्या रात्रीच्या जेवणात मला चव लागली नाही. आई दोनदा विचारून गेली. लग्न मोडण्याची कारणं मी पुष्कळ ऐकली होती, पण पिनेमुळे लग्न मोडलेला माणूस माझ्या ऐकिवात नव्हता.

दुसऱ्या दिवशी बरोबर साडेबाराला आम्ही तळ्यावर पोचलो. मी काकांनी इस्त्री केलेला निळा सदरा घातला होता. ती कामावरून तशीच आली होती. धक्क्याच्या तोंडाशी रखवालदार स्टुलावर बसून डबा खात होता.

“एक फोटो काढायचा आहे,” मी त्याला म्हणालो. “चालेल ना?”

त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि बाजूच्या पाटीकडे बोट केलं. ‘परवानगीशिवाय छायाचित्रणास मनाई आहे. आदेशावरून.’ तो आदेश माझाच होता.

“परवानगी दाखवा,” तो म्हणाला.

“परवानगीच्या अर्जाला जोडायलाच फोटो हवाय.”

“मग परवानगी मिळाली की या आणि काढा.”

“पण दर रविवारी इथे लोक काढतात. तुम्ही त्यांना का नाही अडवत?”

“ते मला विचारत नाहीत,” रखवालदार म्हणाला. “तुम्ही विचारलंत. विचारल्यावर मला नियमानं सांगावं लागतं.”

ती माझ्या मागे होती. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला. मी वळून बघणार होतो, पण मान वळेना, म्हणून सगळाच वळलो. ती ओठ चावून तळ्याकडे बघत होती.

मी सात वर्षांचा सगळा अधिकार आवाजात आणला. मी टेबल क्रमांक चार असून ही पाटी माझीच आहे, हे रखवालदाराला सांगितलं. तो चटकन उठून उभा राहिला.

“तुम्हीच का ते? मग मघाशीच सांगायचं, साहेब. जा, काढा. मीच काढतो, द्या इकडे.”

तिनं आपला फोन त्याच्या हातात दिला. मी विजयी मुद्रेनं धक्क्यावर पाऊल टाकलं आणि पुढे पाच-सहा पावलं जाऊन काकांच्या पद्धतीनं उभा राहिलो. वजन डाव्या पायावर. उजवा गुडघा सैल. हातात छत्री, आहे आणि नाहीही. मान आधीच क्षितिजाकडे होती.

“साहेब,” रखवालदार काठावरून म्हणाला, “आज सकाळीच रंग दिलाय धक्क्याला.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“कागद तुमच्याच सहीनं आलाय. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

मला माहीत होतं. ‘धक्क्याच्या रंगकामास हरकत नाही, तीन दिवस वापर बंद ठेवावा,’ असं मीच सोमवारी लिहिलं होतं. मी उजवा पाय उचलला. पाय आला, बूट आला नाही. मोज्यातला पाय खाली टेकवावा तर ओला रंग, म्हणून मी तो तसाच वर धरला आणि तोल सांभाळायला दोन्ही हात पसरले. मान उजवीकडे, डावा पाय हिरव्या रंगात, उजवा हवेत. काकांच्या एकतीस वर्षांत एवढा अवघड पुतळा त्यांनी उभा केला नसेल.

“आता नैसर्गिक दिसताय,” ती म्हणाली.

एवढं बोलून ती जी हसायला लागली ती थांबेना. हसता हसता मला आधार द्यायला म्हणून धक्क्यावर आली, माझ्याशेजारी पोचली आणि तिच्याही चपला जागच्या जागी रुतल्या. तिनं खाली बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि कचेरीतल्या माझ्या आवाजात म्हणाली, “वापर प्रत्यक्ष सुरू आहे. कलम अकरा.”

मी खोकायचा प्रयत्न केला. पण खोकायला एक हात तोंडावर न्यावा लागतो आणि माझे दोन्ही हात हवेत गुंतले होते. चार वर्षं कोंडलेलं हसू एकदम बाहेर पडलं. मी ओठांसकट, दातांसकट, अर्ध्या दातासकट हसलो. आवाजही झाला. तळ्यातली दोन बदकं लांब गेली.

“काढला,” रखवालदार म्हणाला.

तिचं हसणं थांबलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी ते मिटलं तोवर फार उशीर झाला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, मी दात दाखवून केलं होतं.

“थांब,” ती म्हणाली. “तोंड उघड. अरे, उघड म्हणते ना.”

तिनं मला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं होतं. मी तोंड उघडलं. तिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडे केली, मानेतून कळ आली ती मी गिळली.

“कशानं तुटला?”

“फायलीच्या पिनेनं.”

“किती वर्षं झाली?”

“चार.”

“आणि या एवढ्याशा दातासाठी तू तीन महिने माझ्यासमोर खोकत बसलास?”

मग मी सगळं सांगितलं, एका पायावर उभं राहून. न्हाणीघराचं सांगितलं, तिच्या प्रयोगशाळेत जाणाऱ्या साच्याचं सांगितलं. “मी तुम्हाला काम वाटू नये, एवढंच होतं,” मी म्हणालो. “आवडत नाही असं अजिबात नव्हतं. उलटच होतं.”

तिनं माझी हनुवटी सोडली नव्हती.

“वेड्या, मी दिवसभर बिनदातांच्याच माणसांसाठी राबते,” ती म्हणाली. “त्यांतली निम्मी तुझ्यापेक्षा जास्त हसतात. मला दात करता येतात रे. हसू करता येत नाही. ते आहे की नाही, एवढंच मला बघायचं होतं.”

माझा जीव भांड्यात पडला. पाय अजून हवेतच होता, पण त्याचं काही वाटेना.

रखवालदारानं दोन फळ्या आणून टाकल्या आणि आम्हाला काढलं. माझा उजवा बूट आणि तिच्या चपला तिथेच राहिल्या. कचेरीपर्यंत आम्ही दोघं मिळून एका बुटात आलो आणि वाटेत जे कुणी भेटले त्यांनी आदरानं वाट दिली.

कोपऱ्यावरच्या दुकानात फोटोची प्रत काढून घेतली. त्रुटीबाईंनी ती हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. फोटोत मी एका पायावर हात पसरून तोंडभर हसत होतो, ती माझ्याकडे बोट दाखवत हसत होती, आणि पुढे, हिरव्या रंगात, माझा एकटा बूट उभा होता. बाईंनी फोटो फार वेळ बघितला. मग अर्जाला चिकटवला आणि नियमानुसार अर्धा शिक्का कागदावर आणि अर्धा फोटोवर येईल असा दाबून मारला. फोटोवरचा अर्धा नेमका माझ्या कपाळावर आला. ‘तपासले.’

“कलम नऊ अजून कोरं आहे,” त्या म्हणाल्या.

तिनं खिडकीतून हात घालून बाईंचंच पेन घेतलं आणि त्या रकान्यात एका दमात लिहिलं: ‘लग्न करणार आहोत.’

“पुरावा?” बाईंनी विचारलं.

“जोडलाय की,” ती म्हणाली. “कलम अकरा.”

बाईंनी पुन्हा एकदा फोटो बघितला. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या एका मोज्याकडे बघितलं, आणि शेऱ्याच्या जागी दोन वर्षांत मी तरी पाहिले नव्हते असे शब्द लिहिले. ‘त्रुटी नाही.’

“बाई,” मी म्हणालो, “त्या खुर्च्यांचं माझं चुकलंच.”

“उभ्यानं सभा लवकर आटोपली,” बाई म्हणाल्या. “तुमची मान काय झाली ते आधी दाखवा कुणालातरी.”

रविवारी सकाळी सात वाजता, हातात मंजुरीचा कागद घेऊन, आम्ही वाळलेल्या धक्क्यावर तीन जोड कपड्यांत फोटो काढले. एकशे ऐंशी निघाले. चांगले आहेत, क्षितिज सगळ्यांत आहे, काकांनी त्यांतले अकरा पसंतही केले. अल्बम कपाटात आहे, अगदी सरळ ठेवलेला.

भिंतीवर लावायचा फोटो कुठला याबद्दल मात्र आमचं दोघांचं एकमत होतं, आणि तो फायलीत होता. फोनमध्ये तो असला तरी हिला शिक्क्याचाच हवा होता. फायलीतला कागद बाहेर काढायला वेगळा अर्ज करावा लागतो. तोही नमुना माझाच. त्रुटीबाईंनी तो वाचलाच नाही. मधल्या सुट्टीत फाइल उघडली, फोटो सोडवला, जागेवर एक प्रत चिकटवली आणि मूळ फोटो पाकिटात घालून माझ्या टेबलावर आणून ठेवला. विचारल्याशिवाय झालेलं आमच्या विभागातलं ते पहिलंच काम. मी कुठेही नोंद केली नाही.

अंगठ्या त्याच आठवड्यात घातल्या. दात अजून तसाच आहे. ही म्हणते करून देईन, घाई काय आहे. कलम अकरा मी रद्द करायला टाकलं आहे, फाइल टेबल तीनवर आहे.

घरी पाहुणे आले की भिंतीपाशी थबकतात. बुटाबद्दल विचारतात, रंगाबद्दल विचारतात, आणि मग जवळ जाऊन, डोळे बारीक करून, माझ्या कपाळावर हे निळं अर्धगोल काय आहे, असंही विचारतात.

“घ्यायच्या आधी तपासून घेतलाय,” ही सांगते, आणि मी हसतो.